भिगवण : समुद्र नसलेलें मासळीचें गांव

भूगोलाच्या तासाला आम्ही एकदां समुद्रकांठच्या गांवांचा पाठ शिकवीत होतों. हर्णै, मालवण, वेंगुर्लें हीं नांवें फळ्यावर लिहून झालीं होतीं. तेथील दमट हवा, मुसळधार पाऊस, खारे वारे आणि मासेमारी यांचा परस्परसंबंध सांगून आम्ही मुलांकडे वळलों, तोंच मागच्या बांकावरील एक मुलगा उभा राहिला. हा मुलगा इंदापूर तालुक्यांतील भीमेच्या कांठचा. त्याच्या घरीं पिढ्यान् पिढ्या जाळें आहे. तो म्हणाला, "सर, आमच्या भिगवणलाहि मासळीचा बाजार भरतो. पण आमच्याकडे समुद्र नाहीं आणि पाऊसहि नाहीं. मग आमचें गांव कोणत्या पाठांत घालायचें ?"

वर्ग हंसला. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. कारण प्रश्न खरा होता, आणि त्याचें उत्तर आमच्या हातांतील पुस्तकांत नव्हतें. "उत्तर शोधून सांगूं" असें म्हणून आम्हीं वेळ मारून नेली. पुढें एका सुटीच्या दिवशीं पांच-सहा मुलांस बरोबर घेऊन आम्ही भिगवणला गेलों, कांठावर बसलों, होडीवाल्यांशीं बोललों आणि परत येऊन पुस्तकें चाळलीं. त्या मुलाला देऊं केलेलें उत्तर या लेखाच्या रूपानें, जरा उशिरानेंच कां होईना, आम्ही येथें देत आहों. तें त्याच्या एकट्याच्या उपयोगाचें नाहीं. ज्या भूमीवर आपण राहतों तिचें हवामान नीट न ओळखल्यास काय किंमत द्यावी लागते, हें पुढें दिसून येईल.

प्रथम गांवाचें स्थान पाहूं. बारामतीहून ईशान्येस निघालें कीं पाऊण तासाच्या आंत भिगवण येतें. पुण्याहून सोलापुरास जाणारा हमरस्ता आणि लोहमार्ग हे दोन्ही येथून जातात. पुण्याहून निघालेली आगगाडी १८५८ सालीं जवळच्याच डिकसळपर्यंत येऊन थांबत असे. पुढील मार्ग नंतर झाला. समुद्र येथून दोनशे किलोमीटरांच्या आसपास पश्चिमेस आहे, आणि मध्यें सह्याद्रीची भिंत उभी आहे. या भिंतींतच आपल्या मुलाच्या "पाऊसहि नाहीं" या तक्रारीचें कारण आहे.

जून महिन्यांत नैर्ऋत्येकडून येणारे वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन निघतात. सह्याद्री आडवा येतांच त्यांस वर चढावें लागतें. वर चढलेली हवा थंड होते, आणि थंड हवेच्या अंगीं बाष्प धरून ठेवण्याची शक्ति कमी असते. म्हणून तें बाष्प पावसाच्या रूपानें तेथेंच सांडतें. महाबळेश्वरास वर्षाकांठीं साडेपांच हजार मिलिमीटरांच्या घरांत पाऊस पडतो, तो यामुळेंच. हेच वारे घाट ओलांडून पूर्वेकडे उतरूं लागले कीं उलट प्रकार होतो. खालीं येणारी हवा दाबली जाऊन तापते, तिची तहान वाढते आणि ढग विरूं लागतात. पुण्यास सातशे मिलिमीटरांच्या आसपास पडणारा पाऊस बारामती व इंदापुराकडे येईपर्यंत पांचशेंच्या आसपास उतरतो. या प्रदेशाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. छाया हा शब्द एरवीं आपल्याला गोड वाटतो. झाडाची छाया, वडिलांची छाया. येथील छाया मात्र कोरडी आहे.

या कोरडेपणाची आठवण आपल्या भागांतील लोकांच्या मनांतून कधींच पुसली गेली नाहीं. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानें हा मुलूख होरपळून काढला. नीरेच्या डाव्या कालव्याचें काम त्याच दुष्काळांत, लोकांच्या हातांस काम मिळावें म्हणून सुरू झालें. पुढें भोरजवळील भाटघर येथें धरण बांधून कालव्यास पाणी पुरविण्यांत आलें, आणि मोरोपंतांची बारामती ऊंसाची बारामती झाली. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडण्याच्या कामावर गेलेलीं माणसें आजहि खेड्यांत भेटतात. शेतीवर पडणाऱ्या दुष्काळ, उष्णता, क्षार अशा संकटांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था २००९ सालीं बारामतीजवळ माळेगांव येथें स्थापन झाली, तीहि योग्य जागींच झाली असें म्हटलें पाहिजे.

आतां विचारावयाचें तें असें कीं, ज्या गांवावर इतका थोडा पाऊस पडतो, तेथें मासळीचा बाजार भरण्याइतकें पाणी आलें कोठून ? याचें उत्तर भीमा नदींत आहे. भीमा उगम पावते ती भीमाशंकराच्या डोंगरांत, म्हणजे भिगवणपासून सरळ रेषेंत सुमारे दीडशें किलोमीटरांवर. तेथील पाऊस आपल्या पावसाच्या कित्येक पट आहे. भामा, इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड या तिच्या बहिणीहि सह्याद्रीच्या कुशींतूनच येतात. नीरा मात्र या मंडळींत नाहीं. ती धरणाच्या खालीं, नीरा-नरसिंहपुराजवळ भीमेस मिळते. भीमेचें हें पाणी अडविण्यासाठीं सोलापूर जिल्ह्यांत माढें तालुक्यांत उजनी येथें धरण बांधण्यांत आलें. १९६६ सालीं कामास आरंभ झाला व १९८० सालीं तें पुरें झालें. यशवंतराव चव्हाण यांच्या नांवावरून त्याच्या जलाशयास 'यशवंतसागर' म्हणतात. धरण भरलें कीं पाणी मागें मागें पसरत पार दौंडच्या बाजूस जातें, आणि भिगवण पाण्याच्या कांठावर येऊन बसतें. पूर्ण भरलेल्या जलाशयाचा विस्तार सुमारें २९० चौरस किलोमीटर होतो. सागर हें नांव कोणास अतिशयोक्तीचें वाटेल, पण त्याच्या कांठीं उभें राहिल्यास पलीकडचा तीर कित्येक ठिकाणीं पुसटच दिसतो.

यावरून एक विलक्षण गोष्ट ध्यानांत येते. भिगवणच्या कोळ्याचें किंवा भोयाचें पोट त्याच्या गांवावर पडणाऱ्या पावसावर अवलंबून नाहीं. तें भीमाशंकर, लोणावळें, पानशेत, मुळशी या बाजूच्या पावसावर अवलंबून आहे. जुलै महिन्यांत भिगवणांत धूळ उडत असते, पेरलेली बाजरी माना टाकीत असते, आणि त्याच दिवशीं पाण्याची पातळी मात्र हळूहळू चढत असते. पानशेत, वरसगांव, खडकवासला, पवना, चासकमान हीं वरचीं धरणें भरलीं, त्यांचे दरवाजे उघडले, कीं दौंडजवळ भीमा किती वाहते याचे आंकडे वर्तमानपत्रांत येतात, आणि कांठचे लोक तेवढेच आंकडे वाचतात. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या वडिलांस आम्हीं विचारलें, "यंदा पाऊस कसा ?" त्यांनीं पश्चिमेकडे हात केला आणि म्हणाले, "तिकडं बरा आहे." आपल्या गांवचा पाऊस विचारला तर माणूस दुसऱ्या तालुक्याकडे बोट दाखवितो, असें ठिकाण आम्हीं तोंपर्यंत पाहिलें नव्हतें.

२०२३ सालीं घाटांत व खालींहि पाऊस उणा झाला आणि उजनी भरली नाहीं. त्यामुळें २०२४ च्या उन्हाळ्यांत वर्तमानपत्रांत रोज एक चमत्कारिक आंकडा येऊं लागला : "उजनी उणे पन्नास टक्के", पुढें "उणे साठ टक्क्यांच्या जवळ". मुलांनीं आम्हांस विचारलें, "सर, पाणी शून्याच्या खालीं कसें जाईल ?" याचें गणित सोपें आहे. उजनींत एकंदर ११७ अब्ज घनफूट पाणी मावतें. त्यांपैकीं सुमारें ६३ १/२ अब्ज घनफूट पाणी इतक्या खालच्या पातळीवर असतें कीं, तें नेहमींच्या दारांतून कालव्यांत सोडतां येत नाहीं; त्यास मृत साठा म्हणतात. वरचें सुमारें ५३ १/२ अब्ज घनफूट तें उपयुक्त पाणी, आणि टक्के मोजतात ते याच पाण्याचे. उपयुक्त पाणी संपून पातळी मृत साठ्यांत उतरली कीं उणे टक्के सुरू होतात. उणे साठ म्हणजे मृत साठ्यांतील आणखी ३२ अब्ज घनफूट गेलें, आणि तेवढेंच जवळजवळ उरलें. अर्ध्याहून अधिक साठा ज्याच्या नांवांतच 'मृत' आहे, त्याच्यावर हजारों जिवंत माणसें व मासे उन्हाळा काढतात, ही भाषेची थट्टाच म्हणावयाची. त्याच वर्षीं ऑगस्टांत, घाटांतील पावसानें, धरण पुन्हां भरलें.

पाणी उतरतें तेव्हां दुसरी एक गोष्ट घडते. हा प्रदेश सपाट आहे. उपयुक्त पाण्याचा सारा थर अवघ्या सहा मीटरांच्या आसपास उंचीचा आहे. म्हणून पातळी हातभर खालीं गेली कीं कांठ कित्येक पावलें मागें सरतो. होडी आज जेथें बांधली तेथें आठवड्यानें चिखल असतो, आणि त्यानंतर कांहीं दिवसांनीं तेथें कोणी कलिंगडाचे वेल लावतो. समुद्रालाहि भरती-ओहोटी आहे. पण ती दिवसांतून दोनदां येते. भिगवणची भरती वर्षांतून एकदां, पावसाळ्यांत येते, आणि ओहोटी आठ महिने चालते.

या ओहोटींत जुनें जग वर येतें. धरणाच्या पाण्याखालीं इंदापूर, करमाळें, दौंड, कर्जत या तालुक्यांतील अनेक गांवें गेलीं. जुनें भिगवणहि त्यांतच आहे. लोकांनीं वरच्या अंगास नवीं घरें बांधलीं. पळसदेव येथील पळसनाथाचें पुरातन दगडी मंदिर वर्षानुवर्षें पाण्यांत असतें, आणि पाणी फारच खालीं गेलें म्हणजे तें आपल्या शिखरासह उघडें पडतें. २०२४ च्या उन्हाळ्यांत पुष्कळ लोक तें पाहावयास गेले. वृद्ध माणसें चिखलांतून चालतांना "येथें पार होता, येथें आमचा वाडा होता" असें दाखवीत होतीं. ज्यांनीं आपलें घर पाण्यास दिलें, त्यांचींच मुलें-नातवंडें आज त्याच घरावरून होडी वल्हवीत जातात. भिगवणच्या मासळीचा इतिहास सांगतांना हा भाग वगळूं नये. येथील भोई लोक पूर्वीं भीमेच्या डोहांत मासे धरीत. मोठ्या बाजाराचें गांव त्यास धरणानें केलें, पण त्याची किंमत कांहीं लोकांनीं जमीन व घर देऊन मोजली.

आतां वर्षाचे ऋतु क्रमानें पाहूं. नोव्हेंबरापासून फेब्रुवारीपर्यंत हवा कोरडी व आल्हाददायक असते. रात्रीं पारा कधीं कधीं दहा अंशांच्या खालीं जातो, आणि पहाटे पाण्यावर धुकें तरंगतें. पाणी हवेपेक्षां उशिरा थंड होतें, म्हणून थंड हवा जेव्हां उबदार पाण्यावर येते तेव्हां ही वाफ दिसते. याच सुमारास उथळ चिखलांत खाद्य टिपण्यासाठीं रोहित पक्षी येतात, त्यांस इंग्रजींत फ्लेमिंगो म्हणतात. हिमालय ओलांडून पट्टकादंब हंसहि येतात. कुंभारगांव व डिकसळ या बाजूस पक्षी पाहावयास येणाऱ्यांची दाटी होते, आणि कांहीं होडीवाल्यांस जाळ्याऐवजीं प्रवाशांचें भाडें मिळतें. पाणी उतरून उथळ कांठ उघडा पडला तरच रोहित उतरतात. धरण तुडुंब राहिलें तर ते दुसरीकडे जातात.

मार्चपासून ऊन चढूं लागतें. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. तापलेल्या पाण्यांत प्राणवायु कमी विरघळतो. त्यांत पुणें व पिंपरी-चिंचवडकडून मुळा-मुठेच्या वाटेनें येणारें सांडपाणी, आणि कित्येक ठिकाणीं पसरलेली जलपर्णी. अशा वेळीं मासे पृष्ठभागावर येऊन हांपूं लागतात. शहरानें टाकलेलें पाणी शेवटीं कोणाच्या ताटांत जातें, याचा विचार पुण्यास राहणाऱ्या आमच्या जुन्या विद्यार्थ्यांनीं अवश्य करावा.

जून ते ऑगस्ट हा आपल्याकडे पावसापेक्षां वाऱ्याचा काळ आहे. सह्याद्रीवरून उतरलेला पश्चिमवारा दिवसच्या दिवस घोंगावत असतो, आणि उघड्या पाण्यावर लाटा उठवितो. पाण्यावर वारा जितका दूरवर अडथळ्यावांचून धांवतो तितकी लाट मोठी होते; जलाशय लांबट असल्यामुळें भिगवणच्या पाण्यावर वाऱ्यास धांवावयास पुरेशी वाट मिळते. खरा पाऊस येतो तो सप्टेंबरांत. बारामती-इंदापुराकडे वर्षांतील अधिकांत अधिक पाऊस साधारणतः याच महिन्यांत पडतो. कारण पश्चिमेचे वारे मंदावले म्हणजे पूर्वेकडील, बंगालच्या उपसागराकडील बाष्प इकडे येऊं शकतें. कधीं कधीं तें अतोनात येतें. १४ ऑक्टोबर २०२० रोजीं बंगालच्या उपसागरांतून आलेला कमी दाबाचा पट्टा आंध्र, तेलंगण ओलांडून थेट आपल्यावर आला आणि इंदापूर, बारामती व सोलापूर भागांत पुरानें हाहाकार केला. २०२५ सालीं तर मे महिन्याच्या अखेरीसच असा पाऊस झाला कीं, बारामती तालुक्यांत नीरेचा डावा कालवा फुटला. दुष्काळी मुलुखांत पुराचें भय नसतें, ही समजूत यापुढें टाकून द्यावी.

परंतु या सर्वांत प्राणघातक जर कांहीं असेल, तर तें पूर्वमोसमी वळवाचें वादळ होय. त्याची उत्पत्ति प्रत्येक विद्यार्थ्यानें समजून घ्यावी. मे महिन्यांतील दुपारीं जमीन तापून भट्टी होते. तिच्या लगतची हवा हलकी होऊन वेगानें वर चढते. तिच्यांत बाष्प असेल तर दहा-बारा किलोमीटर उंचीचा, माथ्यावर ऐरणीसारखा पसरलेला काळाकभिन्न ढग तासा-दोन तासांत उभा राहतो. त्या ढगांतून पाऊस पडूं लागला कीं, खालच्या कोरड्या हवेंत त्याचे थेंब वाटेंतच आटूं लागतात. थेंब आटतांना हवेची उष्णता घेतात. ती हवा थंड व जड होऊन दगडासारखी खालीं कोसळते, आणि जमिनीस आदळून चहूंकडे धांवत सुटते. हाच तो सोसाट्याचा वारा. तो पावसाच्या पुढें धांवतो, म्हणून डोक्यावर ऊन असतांना, एक थेंबहि पडलेला नसतांना, धुळीचा लोट घेऊन तो एकाएकीं येऊन पोंचतो.

२१ मे २०२४ रोजीं सायंकाळीं असेंच झालें. करमाळें तालुक्यांतील कुगांव आणि इंदापूर तालुक्यांतील कळाशी हीं दोन गांवें समोरासमोर आहेत. पण मध्यें पाणी आहे, आणि रस्त्यानें जावयाचें तर मोठा वळसा पडतो. म्हणून लोक होडीनेंच जा-ये करीत. त्या सायंकाळीं कुगांवहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वाऱ्यांत सांपडली आणि उलटली. एक जण पोहून कांठास लागला. सहा जण बुडाले. त्यांत लहान मुलेंहि होतीं. आपत्ति-निवारण दलाच्या जवानांस त्यांचे देह शोधून काढावयास दोन दिवस लागले. ध्यानांत ठेवावें कीं, त्या उन्हाळ्यांत पाणी उणे पन्नास टक्क्यांच्याहि खालीं होतें. "पाणीच नाहीं" म्हणून सारे हळहळत होते. उरलेलें पाणी माणूस बुडण्यास पुरेसें होतें.

समुद्रकांठीं हेंच संकट वेगळ्या रीतीनें भेटतें. कोंकणचा कोळी जून-जुलै महिन्यांत होडी कांठावर ओढून ठेवतो. शासनाचीहि १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांस बंदी असते. नारळी पौर्णिमेस दर्याची पूजा झाल्यावर होड्या पुन्हां लोटतात. बंदरावर वादळाची खूण चढते, रेडिओवर कोळ्यांसाठीं इशारा होतो. शेंकडों वर्षांच्या अनुभवानें समुद्राभोंवतीं हे नियम तयार झाले आहेत. भिगवणचा जलाशय अवघ्या चार-पांच दशकांचा आहे. त्याच्या कांठच्या लोकांचे आजोबा नदीचे जाणकार होते. नदीचें पात्र अरुंद, दोन हात मारले कीं कांठ. त्या नदीचा सागर झाला, पण सागराचे रीतिरिवाज अजून पुरते तयार झाले नाहींत. खरी अडचण ही आहे.

येथें आमच्या मनांत दुसऱ्या एका जलाशयाची आठवण येते. पवित्र शास्त्रांत वारंवार येणारा गालीलचा समुद्र हाहि वस्तुतः गोड्या पाण्याचें सरोवरच आहे, आणि विस्तारानें सुमारें १६६ चौरस किलोमीटर, म्हणजे भरलेल्या उजनीहून लहान. तेथेंहि कोळी होते, जाळीं होतीं, आणि एकाएकीं उठणारीं वादळें होतीं. तें सरोवर समुद्रसपाटीच्या दोनशें मीटरांहून अधिक खालीं, डोंगरांच्या खळग्यांत आहे. भोंवतालच्या उंच भूमीवरील थंड हवा घसरत खालीं येते व पाणी खवळतें. आपल्याकडे तसे डोंगर जवळ नाहींत. पण वर सांगितल्याप्रमाणें आपल्यावर थंड हवा कोसळते ती ढगाच्या डोंगरावरून. लहानपणीं रविवारच्या शाळेंत ती वादळाची कथा आम्हीं ऐकली, तेव्हां "तलावावर कसलें वादळ ?" असें वाटे. भिगवणच्या कांठीं उभें राहिल्यावर तो प्रश्न मिटला. त्या कथेंतील कोळी जन्माचे दर्यावर्दी असून भ्याले, ही गोष्टहि शिकण्यासारखी आहे. जाणत्यास वाऱ्याचें भय असतें, अजाणास नसतें.

मासळीविषयीं दोन शब्द सांगणें जरूर आहे. भिगवणच्या बाजारांत कटला, रोहू, मृगळ, मरळ, वाम, शिंगटा इत्यादि मासे येतात. पण ढीग दिसतो तो चिलापीचा. चिलापी मूळचा आफ्रिकेंतील. भारतांत तो १९५२ सालीं आणला गेला. तो वर्षांतून अनेकदां वितो, आणि त्याची एक जात आपलीं अंडीं व पिलें तोंडांत सांभाळते. त्यामुळें त्याची वाढ झपाट्यानें होते व इतर मासे मागें पडतात. कटला, रोहू, मृगळ हे गंगेच्या खोऱ्यांतले; ते साचलेल्या पाण्यांत सहसा वीत नाहींत, म्हणून त्यांचें बीज केंद्रांत तयार करून सोडावें लागतें. हें बीज वाढण्यापूर्वींच लहान आसाच्या जाळ्यांनीं ओढून काढलें तर पुढच्या वर्षीं बाजार कशावर भरणार ? हें आम्हीं सांगितलें नाहीं. तेथील एका वृद्ध मासेमारानेंच आम्हांस सांगितलें, आणि त्याच्या आवाजांत राग नव्हता, काळजी होती.

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊं. तुझें गांव कोणत्या पाठांत घालावें ? आमचें उत्तर असें, कीं त्याचा एक स्वतंत्र पाठ करावा, आणि त्या पाठाचा सारांश एका वाक्यांत असा लिहावा : भिगवणला पाणी दूरच्या आभाळाचें मिळतें, पण वारा डोक्यावरच्या आभाळाचा असतो. दूरच्या आभाळावर पोट अवलंबून, डोक्यावरच्या आभाळावर जीव. घाटांत पाऊस किती पडला हें सारें गांव विचारतें. संध्याकाळीं आपल्या गांवावर कोणता ढग उभा आहे, हें विचारण्याची तितकी संवय नाहीं. ती संवय शाळेनें लावली पाहिजे.

त्यासाठीं कांहीं सोपे नियम आम्हीं आमच्या वर्गांत फळ्यावर लिहिले आहेत. एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर या महिन्यांत दुपारनंतर पाण्यांत जाण्यापूर्वीं चारी दिशा पाहाव्या; ऐरणीच्या आकाराचा ढग कोठेंहि दिसला तर होडी लोटूं नये. ऊन असतांना एकाएकीं गार झुळूक लागली, किंवा दूरवर धूळ उठलेली दिसली, तर जाळें सोडून जवळच्या कांठास लागावें. जाळें दुसरें मिळतें. वीज चमकली कीं मनांत सेकंद मोजावे : आवाजास एक किलोमीटर येण्यास सुमारें तीन सेकंद लागतात, तीस सेकंदांच्या आंत गडगडाट ऐकूं आला तर वीज दहा किलोमीटरांच्या आंत आहे, आणि पाण्यावर राहणें धोक्याचें आहे. पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें 'दामिनी' नांवाचें मोबाइलवरील साधन तयार केलें आहे. जवळपास वीज पडण्याचा संभव असल्यास तें सूचना देतें. घरांतील तरुणांनीं तें वडिलांच्या मोबाइलवर घालून द्यावें. होडींत माणसें मोजून घ्यावीं, आणि प्रत्येकाच्या अंगांत तरंगणारें जाकीट असावें. मुलांच्या अंगांत तर असावेंच असावें.

गेल्या खेपेस आम्ही भिगवणला गेलों तेव्हां सायंकाळ होती. आमचा तो विद्यार्थी आपल्या वडिलांबरोबर कांठावर जाळें झटकीत होता. वडील होडीकडे वळले, तसा मुलगा मध्येंच थांबला, आणि मान वर करून त्यानें चारी दिशा एकदां नीट पाहिल्या. मग तो म्हणाला, "जायला हरकत नाहीं, आबा." वडिलांनीं आमच्याकडे पाहून स्मित केलें व होडी पाण्यांत लोटली. भूगोलाच्या तासाचें याहून चांगलें फळ आम्हांस आजपर्यंत मिळालेलें नाहीं.